रेसकोर्सवाले नाना

संस्थानी गावांत माणसांची एक जात हमखास सापडते. ती पाहुण्याला गाव दाखवायला निघते आणि नेमकं जे उरलेलं नाही तेच दाखवते. "इथं हत्तीखाना होता", "इथं नाटकशाळा होती." आपण मान वळवावी तर समोर मोबाइलचं दुकान. बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे नाना याच जातीतले. फक्त त्यांनी सगळी शक्ती एकाच जागेवर लावली आहे : रेसकोर्स.

बडोद्यात आज रेसकोर्स म्हटलं की रिक्षावाला एका शब्दाने न विचारता नेऊन सोडतो. तिथे रस्ता आहे, सर्कल आहे, हॉटेलं, बँका, दवाखाने आहेत. घोडा तेवढा नाही, आणि ती उणीव नाना एकहाती भरून काढतात. चकली सर्कलपाशी ते छत्री आडवी धरून उभे राहतात. "हे शेवटचं वळण. इथून सुटला की घोडा थेट विनिंग पोस्टला." विनिंग पोस्ट कुठे, ते नानांचे गुडघे ठरवतात. गुडघे बरे असले तर पुढच्या सिग्नलला, कुरकुरत असले तर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, कारण तिथे स्टूल मिळतं. पावसाळ्यात पोस्ट छपराखाली सरकते.

बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि नाना जन्मले त्यानंतर. म्हणजे यातलं काहीही त्यांनी पाहिलेलं नाही. पण तसं कोणी म्हटलं तर त्यांना रागही येत नाही. "वडिलांनी पाहिलं ना?" म्हणतात, आणि वारसाहक्काच्या निकालासारखा विषय तिथेच संपतो.

वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली त्यांची एक दोनशे पानी वही आहे. तिचं पहिलं पान उघडलं की नाना बडोद्यातून थेट इंग्लंडात. १९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी न्यूमार्केटच्या लिलावात एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकलेला, म्हणून हा भाव. तोवर एवढ्या कोवळ्या जनावराला कोणी एवढे मोजले नव्हते. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा. नानांनी पेन्सिलीने हिशोब मांडलाय : तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. रेशनच्या दिवसांत! नाना हा आकडा घरच्या सुनेच्या माहेरचं वैभव सांगावं तसा सांगतात. ज्या आजोबांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांच्या नातवाने हे पैसे कुठे घातले, असं माझ्या मनात येतं. पण नानांसमोर हे बोलायची सोय नाही, कारण नातवाने त्या शिंगराला नावच आजोबांचं दिलं होतं : सयाजीराव.

१९४७ मध्ये हा सयाजीराव टू थाउजंड गिनीज या शर्यतीत धावला आणि तिसरा आला. मग डर्बीला धावला, पुन्हा तिसरा. इथे नाना वही मिटतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्याला पुरेसा वेळ देतात. "सयाजीराव तिसरा! एकदा नाही, दोनदा! नावाला जागला की नाही?" मग आयर्लंडची डर्बी त्याने मारली, ती ते एका वाक्यात उरकतात, कारण जीव अडकलाय डॉंकॅस्टरच्या सेंट लेजरमध्ये. देश स्वतंत्र होऊन महिना झालेला. पावणेदोन मैलांहून थोडी जास्त रेस, वर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी, शेजारी फ्रेंच घोडा आर्बार. सयाजीराव जिंकला, फरक पडला तो फक्त मुंडीचा. ती मुंडी दाखवताना नाना स्वतःची मान एवढी पुढे काढतात की एकदा रसवाल्याने "काका, चक्कर आवी?" म्हणून लिंबू पुढे केलं होतं.

पुढच्या वर्षी माय बाबू या घोड्याने गायकवाडांना टू थाउजंड गिनीजही मिळवून दिली. १९५१ मध्ये सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यताच काढून घेतली. वहीत या सालाचं पान कोरं आहे.

नानांनी आयुष्यात रेसवर एक पैसा लावलेला नाही. पुण्याला मुलीकडे जातात, तिथे खरंखुरं, चालू रेसकोर्स आहे. जावयाने दोनदा पास आणले. नाना म्हणाले, "ऊन फार आहे." चालू रेसकोर्समध्ये कोणाला काय सांगणार? तिथे विनिंग पोस्ट एका जागी रोवलेली असते. अंतरं मात्र ते फर्लांगातच मोजतात. दूधवाला दीड फर्लांगावर, डॉक्टर पाच. काकूंनी भाजी आणायला सांगितलं की "किती फर्लांग?" असा प्रश्न येतो. "दोन जुड्या," काकू म्हणतात.

घोडा जवळून पाहायचा योग परवा आला, शेजारच्या शहांच्या मुलाच्या लग्नात. वरघोडा निघाला, बँड वाजला, आणि नवरदेवाची पांढरी घोडी नानांच्या खांद्याजवळ नाक आणून जोरात फुरफुरली. नाना फेट्यासकट बँडच्या गाडीमागे. काकू हसून हसून बेजार. जरा वेळाने गाडीआडून आवाज आला, "मागचे पाय कच्चे आहेत तिचे. फार तर प्लेस."