बैलांचे ऑक्सफर्ड

नामांतराच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याचा हात धरील असा जिल्हा विरळा. १८६६ साली जिल्ह्याची कचेरी पुलगावनजीकच्या कवठ्याहून हलवून ज्या पालकवाडीत आणण्यात आली, त्या खेड्याला जिल्ह्याचे ठाणे होण्याचा मान मिळाला खरा, पण तो स्वतःच्या नावानिशी नव्हे; नदीचे नाव त्याच्या कपाळी लिहिले गेले आणि पालकवाडी दप्तरातून कायमची खारीज झाली. पुढे १९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहावयास गेले, तिथली डाक बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावची वाट धरू लागली, तेव्हा १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. टपालखात्याच्या सोयीपोटी इतके उदात्त नाव जन्मास आल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या तरी वाचनात नाही. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला, मोटारीचा खप तिच्या यंत्राइतकाच तिच्या नावावरही अवलंबून असतो, असे कोणी सांगितले तर तो हसत नाही. एवढी साधी गोष्ट जाणून घेण्यासाठी कंपन्या तज्ज्ञांना बिदागी का देतात, याचेच त्याला नवल वाटते.

या शास्त्रातला आद्य प्रयोगही आमच्याच जिल्ह्यात झाला, असा माझा दावा आहे. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन काढून टाकण्यात आले, पुढे बैल जुंपण्यात आले, आणि वर्धा व सेवाग्राम यांच्या दरम्यान हे वाहन गांधीजींच्या दिमतीस रुजू झाले. त्याला नाव पडले ऑक्सफर्ड. वस्तुतः बैल ज्याला ओढतात त्याला आमच्याकडे बंडी म्हणतात, मग तिची गादी कितीही मऊ असो. परंतु बंडी म्हटले असते तर मोटारीतले इंजिन कोणी नेले याची कैफियत दूरदेशच्या पाहुण्यांपुढे सादर करावी लागली असती, आणि ऑक्सफर्ड म्हणताच तीच उणीव विद्वत्तेच्या खात्यात जमा झाली.

योगायोग असा की विलायतेच्या खऱ्या ऑक्सफर्डलाही या देशात आपले नाव राखता आले नाही. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड हिची आधी लँडमास्टर केली, आणि १९५० चे दशक सरता सरता ॲम्बॅसडर. पहिल्या नावात जमीनदारीचा दर्प होता, आणि आमच्याकडे मालगुजारी तर १९५१ सालीच मोडीत निघालेली. दुसऱ्या नावात मात्र वकिलातीचा असा काही रुबाब होता की २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत, रूपात म्हणण्यासारखा पालट न करता, ती मंत्र्यांना आणि साहेबांना वाहून नेत राहिली. हीच गाडी त्याच चाकांवर ‘अव्वल कारकून’ या नावाने निघाली असती, तर कलेक्टरसाहेब तीत बसले असते काय?

अर्थात मोठ्या घरचे नाव दिले की भागते असेही नाही. १९५७ साली बाजारात आलेल्या आपल्या एका मोटारीसाठी खुद्द फोर्ड कंपनीने मॅरिअन मूर या थोर अमेरिकन कवयित्रीकडे शब्द टाकला होता. तिने ‘युटोपियन टर्टलटॉप’ यासारखी नावे सुचविली, ती नामंजूर झाली, आणि अखेर हेन्री फोर्ड यांच्या दिवंगत पुत्राचे, एडसेल हे नाव कायम झाले. मोटार दोन-तीन वर्षांत बुडाली. दोष केवळ नावाचा नव्हता, गाडीचा मोहराही लोकांना रुचला नव्हता आणि बाजारही मंद होता. पण त्या सत्पुरुषाचे नाव उगाच फजितीचा पर्याय होऊन बसले. वर्ध्यात फोर्डला बैल जुंपले गेले त्या काळी कंपनीचे अध्यक्ष हेच एडसेल फोर्ड होते. आमच्याकडे त्यांची गाडी, बैलांच्या बळावर का होईना, चालली.

इकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतंत्र प्रज्ञेने एक छोटी मोटार घडवून तिचे नाव मीरा ठेवले. जिने राजवाडा सोडला तिचे नाव विक्रीच्या वस्तूला देणे हेच मोठे धाडस. ती मोटार बाजाराची पायरी कधी चढलीच नाही. उलट १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुतीचे काम आमच्या जिल्ह्यात पूर्वीच झालेले होते, कारण वेशीवर शेंदूर ल्यालेला मारुती नाही असे गाव येथे शोधून सापडावयाचे नाही. ब्रह्मचारी दैवताच्या नावाची गाडी कुटुंबवत्सल लोकांनी घेतली, चौघांच्या जागी आठ जण कोंबले, आणि द्रोणागिरी उचलणाऱ्याला हे ओझे ते काय, अशी आपल्या मनाची समजूत घातली.

नॅनोचे नाव लहान होते, ते चालून गेले असते. तिला घातक ठरले ते बिरुद. २००८ साली लाखाची मोटार म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि ‘सर्वांत स्वस्त’ ही पदवी तिला चिकटली. आता हिंगणघाटच्या बाजारातून बैलजोडी आणणारा गृहस्थसुद्धा गावात शिरताना तिची किंमत चार पैसे चढवूनच सांगतो. त्याने दारात अशी वस्तू उभी करावी की जिची स्वस्ताई दवंडी पिटून जाहीर झालेली आहे? माणूस मोटार विकत घेतो ती बसण्यासाठी, परंतु तिचे नाव विकत घेतो ते शेजाऱ्याने ‘कोणती घेतली?’ असे विचारल्यावर उच्चारण्यासाठी. रतन टाटांनीही पुढे हे बिरुद चुकल्याचे मोकळेपणी सांगितले, आणि २०१८ च्या जूनमध्ये कारखान्यातून अवघी एक नॅनो बाहेर पडली. त्याच घराण्याच्या टाटा एसला लोकांनी परस्पर ‘छोटा हत्ती’ करून टाकले; तिचे सरकारी नाव आरसी बुकात पडून राहिले आणि हत्ती कापसाची बोंदरी घेऊन जिल्हाभर हिंडू लागला.

त्याच कारखान्याची झिका नावाची मोटार २०१६ च्या आरंभी येऊ घातली होती आणि आमच्या भाच्याने ती मनाने घेऊनही टाकली होती. तेवढ्यात त्याच उच्चाराच्या रोगाने दक्षिण अमेरिकेत कहर मांडला. आर्वीच्या आत्याबाईंनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारले, “काहून रे बाबू, डासाच्या रोगाची गाडी दारात आणतं का?” या युक्तिवादापुढे इंजिन, ब्रेक आणि मायलेज यांची साक्ष निष्फळ होती. कंपनीलाही कोणी अशीच आत्याबाई भेटली असावी, कारण फेब्रुवारीत नाव रद्द झाले आणि एप्रिलमध्ये तीच मोटार टियागो होऊन अवतरली. भाच्याने नवे नाव भीतभीत सांगितले. आत्याबाईंना ते ‘त्यागो’ असे ऐकू आले, आणि ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार आहेत तिथे अशा नावाला हरकत कोण घेणार! त्यांनी स्वतः नारळ फोडला.

एम. एच. ३२ क्रमांकाची ती गाडी घेऊन आम्ही केळझरच्या गणपतीला गेलो, तेव्हा देवळाबाहेर एका ओळखीच्या गृहस्थांनी कोणती घेतली म्हणून विचारले. “त्यागो,” आत्याबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या. गृहस्थांनी आदराने मान डोलावली आणि त्यागाचा हप्ता महिन्याला किती पडतो, तेवढे हळूच विचारून घेतले.