'बघू' म्हणणाऱ्यांचा कप्पा

हुबळी-धारवाडात कोणीच राहत नाही. १९६२ साली दोघांची मिळून एकच महानगरपालिका झाली, पाट्यांवर दोन नावांच्या मध्ये आडवी रेघ आहे, मधल्या वीसेक किलोमीटरांत चिगरी बस पळते. पण माणसाला विचारा, तो हुबळीचा तरी असतो नाहीतर धारवाडचा. दोन्हींच्या मधला नवनगरवाला तेवढा उत्तर देण्याआधी घुटमळतो.

डेटाबेसातलं पार्टिशन केलेलं, म्हणजे कप्प्यांत विभागलेलं टेबल नेमकं असंच असतं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत, ही सोय रीतसर आली. मूळ टेबल नावाचं मोठं, पण त्यात एकही ओळ नाही; सगळी वस्ती पार्टिशनांत. पुढच्याच वर्षी, कुठेच न बसणाऱ्यांसाठी 'डिफॉल्ट' पार्टिशनही मिळालं. तेच आमचं नवनगर. १ नोव्हेंबर २०१४ रोजी हुबळी सरकारदरबारी हुब्बळ्ळी झाली. गिऱ्हाइकांच्या टेबलाला 'हुबळी' आणि 'धारवाड' अशी दोनच पार्टिशनं असतील आणि एखाद्या निष्ठावंत कारकुनाने नवं नाव टाइप केलं, तर ते गिऱ्हाईक मुकाट्याने डिफॉल्टमध्ये जाऊन बसतं. डिफॉल्ट नसेल तर डेटाबेस त्याला दारातूनच परत पाठवतो.

कप्पे केले की कोणता उघडायचा आणि कोणता नाही, हे ठरवणारा कारभारी लागतो. तो म्हणजे क्वेरी प्लॅनर. कामाला हात लावण्याआधी सगळ्या वाटांचा खर्च अंदाजाने मांडायचा आणि स्वस्तातली वाट धरायची, ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली आयबीएमच्या 'सिस्टिम आर'साठी मांडली. आधी भरपूर विचार, मग जमलं तर कृती, यात धारवाडकराला नवल वाटायचं कारण नाही. हुबळीचा व्यापारी मात्र पहिल्या झटक्यात विचारील, "विचाराचा खर्च कोणाच्या खात्यात?"

प्रश्न रास्त आहे. पोस्टग्रेसच्या २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत आशुतोष बापटांनी अशी सोय केली की सारख्याच पद्धतीने विभागलेली दोन टेबलं जोडताना हुबळीची गिऱ्हाइकं हुबळीच्याच बिलांशी ताडून पाहावीत, धारवाडची धारवाडशी. त्याच आवृत्तीत जीवन चाळके आणि मंडळींनी बेरजाही कप्प्याकप्प्याने करायला शिकवल्या. किती शहाणपणाचं! तरी दोन्ही सोयी मुळात बंद ठेवलेल्या असतात, कारण कप्पे फार झाले की नुसती योजना आखण्यातच वेळ आणि मेमरी खर्ची पडते. शहाणपण हवं त्याने मागून घ्यावं.

अमित खांडेकरांचं काम मला अधिक जिव्हाळ्याचं वाटतं. दहाव्या आवृत्तीत एखाद्या ओळीचं गाव बदलून ती दुसऱ्या पार्टिशनात जाणार असेल, तर बदल चक्क नाकारला जाई. म्हणजे हुबळीकराला धारवाडात बिऱ्हाड करायचं तर आधी हुबळीत मरावं आणि मग धारवाडात नव्याने जन्मावं! अकराव्या आवृत्तीपासून ओळ सामानसुमानासह आपली आपण हलते. एकाच आवृत्तीच्या श्रेयनामावलीत बापट, चाळके, खांडेकर अशी आडनावं भेटल्यावर मराठी वाचकाची मान नकळत ताठ होते. वाटण्यांचा आपल्याला पिढीजात अनुभव आहेच.

आता बगांकडे वळू. पार्टिशनांच्या बाबतीत प्लॅनर दोन तऱ्हांनी चुकतो. एक तर नको ते सगळे कप्पे उघडून बसतो. हा बग बोंब मारून स्वतःची जाहिरात करतो. क्वेरी रेंगाळते, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं, साहेब डोकावून जातात. दुसरी चूक उलटी: उघडायला हवा तो कप्पा प्लॅनर बंदच ठेवतो. इथे सगळं कसं झटपट होतं. उत्तर वेळेआधी येतं, सुबक येतं आणि चुकीचं असतं. जे आलंच नाही त्याची तक्रार करणार कोण? अशा वेळी 'एक्सप्लेन' म्हणून प्लॅनरकडून त्याची योजनाच वदवून घ्यावी लागते. तीत काय लिहिलंय यापेक्षा कोणाचं नाव गळलंय, ते शोधायचं.

पोस्टग्रेसमध्ये असा एक बग होता. एखादं टेबल 'हो' आणि 'नाही'च्या रकान्यावर विभागलं, तरी एसक्यूएल या क्वेरींच्या भाषेत तिसरी शक्यता उरतेच: रकाना कोराच, म्हणजे 'नल'. समजा, ते टेबल लग्नाच्या आमंत्रितांचं आहे आणि रकाना 'येणार का?' असा आहे. "ज्यांनी 'नाही' म्हटलेलं नाही, ते सगळे दाखव," अशी क्वेरी केली, तर 'हो'वाल्यांबरोबर कोरे रकानेही यायला हवेत, कारण त्यांनी नकार दिलेला नाही. प्लॅनरने मात्र "'नाही' नव्हे म्हणजे 'हो'च" असा सरळमार्गी हिशेब केला आणि कोऱ्यांचा कप्पा छाटून टाकला. २०२४ साली ही चूक दुरुस्त झाली.

तर्काच्या दृष्टीने गोष्ट बारीक खरी, पण या भागात ती बारीक नाही. इथे आमंत्रणाला सरळ 'नाही' म्हणण्याची पद्धत नाही आणि लगेच 'हो' म्हणणं उतावीळपणाचं. मराठी घरांत "बघू", कन्नड घरांत "नोडोण". आमचं निम्मं सामाजिक आयुष्य त्या तिसऱ्या कप्प्यात नांदतं. कमी कप्पे उघडणं ही प्लॅनरची हुशारी खरीच. पण 'नाही' न म्हणणारा माणूस कुठे बसलाय, हे कळल्याशिवाय ती हुशारी पंगतीला उपयोगाची नाही. इकडच्या आचाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. यजमान "शंभर नक्की, पन्नास बघू म्हणालेत" असं सांगतात, तेव्हा तो दीडशेचा तांदूळ भिजत घालतो आणि वर पंचवीसचा आणखी, कारण 'बघू' म्हणणारा कधी एकटा येत नाही.