फालतू वायर

१९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० पैकी सोलापुरातली एखादी जुनी गाडी घ्या, बॉनेट उघडा. कुठंच न जोडलेली एखादी वायर लोंबकळताना दिसायची शक्यता दांडगी. निकाल ठरलेला: ‘फालतू आहे, टेप मारा.’ पुरावा काय, तर गाडी चालतेय! चादरीतला धागा तुटला की माग थांबवणारं हे गाव इथं मात्र कमालीचं उदार. पण कॉइलची वायर सुटली तर गाडी जागची हलत नाही; सुटूनही बोभाटा होत नाही ती बहुधा बातमी देणारी. ऑइल प्रेशरची निघाली की लाल दिवा लागतच नाही. टेम्परेचरची निघाली की भर मे महिन्यातही काटा थंडवर झोपलेला. रंगावरून ओळखावी, तर धगीनं सगळ्या वायरी एकाच काळपट जातीच्या झालेल्या. टेस्टलॅम्पची क्लिप इंजिनाला लावून, चावी ऑन ठेवून टोक वायरीला टेकवावं: लख्ख पेटला तर करंट थेट बॅटरीचा; मंद पेटून डॅशबोर्डवरचा दिवा उजळला किंवा काटा हलला, तर ओळख पटली. ‘दहा वर्षं अशीच आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, दहा वर्षांत तो लाल दिवा चावी फिरवल्यावर तरी लागलेला कुणी पाहिलाय?