तुळशीच्या लग्नानंतर क्यू

मिनिआपोलिसहून नागपूरला पूलचा क्यू पाठवायचा तर बारा महिन्यांत एक धड महिना सापडत नाही. जानेवारी म्हणावा, तर तिकडे एखाद्या रात्री पारा शून्याखाली २५ अंशांवर जाऊन बसतो. एप्रिल-मे म्हणावा, तर आमच्याकडे ४५ ही बातमीसुद्धा होत नाही. २०१३च्या मे महिन्यात ४७.९ झालं, तेव्हा कुठे पेपरवाल्यांनी दखल घेतली. नवतप्याचे नऊ दिवस तर माणूस पाठवू नये, क्यू दूरच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. त्यानंतर दिवाळीची पार्सलं कुरिअरच्या गोदामात छताला टेकलेली. दोन शहरांच्या पत्रिका जुळवता जुळवता शेवटी मुहूर्त निघाला तो लग्नांचाच : तुळशीचं लग्न लागल्यावर. त्या सुमारास तिकडे पारा शून्याच्या आगेमागे असतो आणि इकडे लोकांनी कपाटातून स्वेटर काढलेले असतात, पण घातलेले नसतात.

तिकडून क्यू पाठवणाऱ्या माझ्या भाच्याला हे पटायला वेळ लागला. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, लाकडाची काठी आहे ती. उद्या पाठवून देतो. तुम्ही एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले?"

काठी! धरमपेठेतल्या आमच्या पूल पार्लरमध्ये हा शब्द कुणी काढला तर त्याला टेबल मिळणार नाही. ज्या वस्तूला तो काठी म्हणत होता ती हार्ड मेपलची, मधोमध आट्यांचा जोड असलेली, जोडल्यावर सुमारे ५८ इंच लांब आणि अर्धा किलोपेक्षा थोडी जास्त. चांगला कारागीर तिचा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, एका बैठकीत करत नाही. लेथवर थोडं लाकूड उतरवतो आणि शाफ्ट टांगून ठेवतो. काही आठवडे, कधी काही महिने. तेवढ्यात तो वाकला तर वाकला. मग पुन्हा थोडं उतरवतो, पुन्हा टांगतो. लाकडाच्या पोटात जो काही जुना राग असेल तो गिऱ्हाइकाच्या घरी नाही, कारागिराच्या घरीच निघालेला बरा. इतकी तपश्चर्या करून टोकाला जेमतेम १३ मिलिमीटर जाडी उरते, आणि त्यावर चामड्याचं टिप. ही वस्तू जगाच्या पाठीवरून निम्मं अंतर पार करणार आणि भाचा तिला बबल रॅपच्या एका वेढ्यात गुंडाळणार होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून पार्लरमधले निम्मे लोक माझ्याशी भांडतात. उष्णतेनं लाकूड वाकत नाही. म्हणजे निव्वळ उष्णतेनं नाही. ४० अंशांचा फरक पडला तरी एवढ्या लांब मेपलची लांबी वाढते ती पाव मिलिमीटरच्या आसपास. खरा घोळ घालतं ते पाणी. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड आपल्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी अंगात ठेवतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते १६ टक्क्यांच्या घरात जातं. लाकूड फुगतं ते आडवं, आणि सगळीकडून सारखं फुगलं तर तक्रारच नव्हती. एक बाजू आधी फुगते, दुसरी मागे राहते, आणि क्यू वाकतो. तापमानाचा गुन्हा एवढाच, की ते बदललं की हवेतली आर्द्रताही बदलते.

म्हणून उष्णतेला निर्दोष सोडता येतं असं मात्र नाही. क्यूचे भाग चिकटवणारं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकला तेवढं तापायला आमच्याकडे दुपारी बारासुद्धा वाजावे लागत नाहीत. जोडातला स्टीलचा स्क्रू, त्याभोवतीचं लाकूड आणि वरचं चकचकीत पॉलिश, तिघांची प्रसरणाची गती वेगळी. कडाक्याच्या थंडीत पॉलिशवर केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. जुन्या क्यूच्या टोकाशी असलेला हस्तिदंती फेरूल तर अशा प्रवासात तडकायचाच. तसा क्यू आज देशाबाहेर धाडायचा म्हटलं तर तो तडकायच्या आधी कायदाच आडवा येईल.

थंडीनं या खेळाला पूर्वीही छळलं आहे. १८३५च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टननं टेबलाच्या कडांना रबराची कुशनं लावली. उन्हाळ्यात फार छान. हिवाळ्यात रबर दगड झालं, चेंडू कडेला लागून तिथेच विचार करत थांबू लागला. मग निघाले कुशन गरम करायचे पत्र्याचे डबे. त्यांत गरम पाणी भरायचं, कडेला लावून ठेवायचं आणि टेबलाला शेक देऊन झाला की खेळायचं. व्हल्कनाइझ्ड रबर आल्यावर हा उपद्व्याप संपला. आजही मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबलाच्या पाटीखाली हीटर असतात, कापड कोरडं राहावं म्हणून. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गिझर बिघडून आठ दिवस झाले. तुम्ही टेबलाचं सांगून राहिले."

आणि स्नूकर जन्मला कुठे? जबलपुरात, आमच्यापासून गाडीनं पाच-सहा तासांवर. १८७५च्या पावसाळ्यात डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये अडकून पडलेल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं तो जुळवला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे. मला नेहमी प्रश्न पडतो तो त्यांच्या क्यूंचा. मध्य प्रांताचा पावसाळा, भिंतींना ओल, आणि बाहेर पडायची सोय नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ खेळ. त्या क्यूंतला सरळ किती राहिला असेल? स्नूकरमधले निम्मे अवघड शॉट वाकड्या क्यूमुळे लागले असावेत, असं माझं खाजगी मत आहे. इतिहासकारांनी ते मनावर घेऊ नये.

मुहूर्त ठरल्यावर पॅकिंगचा प्रश्न आला. आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी न विचारता सांगितलं की विमान ३५ हजार फुटांवर उडतं तेव्हा बाहेर उणे ५५ अंश असतात, तुमचा क्यू गोठून येईल. आकडा अगदी बरोबर. पण सामान विमानाच्या पंखावर बांधत नाहीत. प्रवासी विमानाच्या पोटातली जागा हवेच्या दाबाखाली असते आणि सहसा शून्याच्या वरच राहते. क्यूला त्रास होतो तो जमिनीवर : धावपट्टीशेजारी उघड्यावर पडलेल्या ट्रॉलीत, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत आणि पत्र्याच्या गोदामात. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहा बाप्पा," आणि लिफ्टमध्ये शिरले.

पॅकिंगचं खरं मर्म असं की जगातलं कोणतंही वेष्टण बाहेरची थंडी आठ दिवस बाहेर ठेवू शकत नाही. बबल रॅप, थर्मोकोल, फोम, सगळे मिळून काही तासांची मुदत मिळवून देतात. त्यांचं काम बदल थांबवणं नाही, सावकाश घडवणं. पाणी मात्र अडवता येतं. म्हणून भाच्याला मी क्रमानं लावलं. आधी मध्यम हवेच्या दिवशी क्यूचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं चिकटवून टाक. गिटारवाले पेटीत आर्द्रता सांभाळणारी पुडी ठेवतात, ती एक आत टाक. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मूठभर कोंबू नकोस. त्या लाकूडही सुकवतील. मग फोम. मग जाड पीव्हीसी पाईप, दोन्ही टोकांना झाकणं. पाईप खोक्यात. आणि पार्सल सोमवारीच टाक, म्हणजे शनिवार-रविवार ते कुठल्या थंड शेडमध्ये पडून राहणार नाही.

"मामा, इतकं तर मी माझ्या लग्नाच्या वेळी ऐकलं नव्हतं."

"म्हणूनच सांगून राहिलो."

पोरानं सगळं तंतोतंत केलं. सोमवारी टाकलेलं पार्सल वेळेत मुंबईत उतरलं. तिथे 'पाईपमध्ये पाईप नाही तर काय आहे' याचा खुलासा होईपर्यंत थांबलं, आणि तिकडचा शनिवार-रविवार टाळला त्याची भरपाई म्हणून इकडचा शनिवार-रविवार गोदामात काढून नागपूरला आलं. डिलिव्हरीच्या पोरानं खालून हाक मारली, "काका, तुमचा पाईप आला जी!"

चार मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. बायको म्हणाली, "नळाचा पाईप अमेरिकेहून मागवता?"

इथून पुढचा भाग सगळ्यांत कठीण. आलेलं पार्सल उघडायचं नाही. निदान पूर्ण एक दिवस खोक्यासकट घरात पडू द्यायचं, सावलीत, आडवं. रात्रभर थंडीत प्रवास केलेलं लाकूड एकदम ऊबदार खोलीत उघडं केलं तर हवेतलं पाणी त्याच्यावर येऊन बसतं, आणि इतके दिवस प्लॅस्टिकनं अडवलेलं काम शेवटच्या पाच मिनिटांत होऊन जातं. शास्त्र इतकं सोपं आहे. पण नागपुरात कुणाच्या घरी अमेरिकेहून खोकं येतं आणि ते न उघडता दिवाणाखाली सरकवलं जातं, हे बघायला गावात दुसरी करमणूक नसावी असे लोक आले. मेव्हणा तर येतानाच खिशात कटर घेऊन आला. त्याला चहा दिला, पोहे दिले, वर तर्री दिली. तो हातातलं कटर उघडत होता, मिटत होता. "भाऊजी, एक टोक तर उघडू. दुसरं राहू द्या." शेजारच्या काकूंनी विचारलं, मुहूर्त पाहिला का. बायको म्हणाली, "सहा महिने पाहून राहिले."

दुसऱ्या दिवशी पिशव्या उघडल्या आणि मेपलचा तो किंचित गोडसर, सुतारकामाच्या दुकानात येतो त्याहून सौम्य वास खोलीभर झाला. बटवर, म्हणजे मागच्या जाड भागावर, गडद तपकिरी शिरा, शाफ्ट जवळजवळ दुधी, आणि जोडावरचं पितळ हाताला थोडं गार. मेव्हण्यानं लगेच दोन्ही तुकडे जोडून डायनिंग टेबलावर लोळवले. क्यू तालात हलू लागला. "वाकडा!" तो ओरडला. त्याच्या आवाजात जो आनंद होता त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

लोळवून पाहायची ही परीक्षा सगळीकडे चालते आणि बऱ्याचदा फसवते, कारण परीक्षकाचं टेबल सपाट आहे हे गृहीत धरलेलं असतं. आमच्या डायनिंग टेबलावर पंधरा वर्षं आमटीची पातेली ठेवलेली आहेत. त्याच्या मध्यात पाण्याचा थेंब सोडला तर तो ठराविक खुर्चीकडे जातो, आणि ती खुर्ची माझीच असते. संध्याकाळी क्यू पार्लरमध्ये नेला. स्लेटच्या टेबलावर आधी तुकडे वेगवेगळे लोळवले, मग जोडून, टिपाखालची उजेडाची फट हलते का ते बघत. फट हलली नाही. तिथल्या पोरानं चॉक पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, क्यू तर सरळ आहे. आता तुमचं पाहू."

ठेवायचा कुठे, हा वाद उन्हाळ्यात सुरू झाला. लोकांना वाटतं उन्हाळ्यात क्यूला ऊन लागतं. ऊन दिसतं तरी. नागपूरच्या क्यूचा खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात बाहेर आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली, आणि आत कूलरचा पंप ताट्यांवर पाणी सोडतोय, पंखा ते खोलीत फेकतोय. उंबरठ्याबाहेर वाळवंट, उंबरठ्याआत कोकण. दुपारी कूलर बंद, वाळवंट. रात्री चालू, कोकण. लाकडानं रोज दोन प्रदेशांत संसार करायचा. म्हणून मी ठरवलं, क्यू कूलर नसलेल्या मागच्या खोलीत, भिंतीला टेकवून नाही, तर केसमध्ये आडवा. बायकोनं शांतपणे विचारलं, "म्हणजे माणसं कूलरमध्ये आणि काठी हवेशीर खोलीत. मग तुम्हीही तिच्याजवळच झोपा ना." आता तिथे एक गादी आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी अशा प्रवासाला क्यू बोलावणार असाल तर महिना निवडून बोलवा, पाईप जपून ठेवा, आल्या दिवशी उघडू नका, आणि एकदा घरी आला की गाडीच्या डिकीत कधीही विसरू नका. ज्यांना एवढा दम धरवत नाही त्यांच्यासाठी आता कार्बन फायबरचे शाफ्ट निघाले आहेत. ते पाणी पीत नाहीत आणि वाकत नाहीत. फक्त त्यांच्यासोबत येणारा बट बहुतेक वेळा लाकडाचाच असतो.