तिसऱ्या रांगेचे मानकरी

आपल्याकडे सात सीटची गाडी मायलेज विचारून घेतात. एअरबॅग किती, हे डिलिव्हरीनंतर कळतं. भरवशाची कसोटी एकच: टॅक्सीवाले काय चालवतात? 2005मध्ये क्वालिस गेली, इनोव्हा आली. ड्रायव्हरांनी तिला पास केलं आणि मध्यमवर्गानं डोळे मिटून कर्जाच्या कागदांवर सही ठोकली. बजेट कमी असेल तर अर्टिगा. ट्रायबरमध्ये सातही सीट उभ्या केल्या की डिकी उरते 84 लिटर. म्हणजे कोकणातून फणस आणायचा की मामा, हे आधी ठरवावं. तिसरी रांग सेल्समन ‘मुलांसाठी’ म्हणून खपवतो. मुलं खिडकी सोडत नाहीत. मागे जाते ती गुडघेदुखीवाली आत्या, मधली सीट दुमडून, वाकून, सगळ्यांच्या सूचना ऐकत.