माजी नवऱ्याचं आडनाव

भालकीच्या बसस्टँडजवळ फ्लेक्स लागलेला नाही असा दिवस सहसा उगवत नाही. कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि शुभेच्छुकांच्या फोटोखाली पदं असतात: माजी नगरसेवक, माजी चेअरमन, माजी तालुका पंचायत सदस्य. आमच्याकडं माणूस खुर्चीवरून उतरला की त्याची खरी कारकीर्द सुरू होते. लग्नपत्रिकेत नाव वर, पंगतीत ताट पहिलं. एका पदाला मात्र ही सोय नाही. खाली 'माजी नवरा' लिहिलेला, हात जोडलेला फोटो मी तरी बिदर ते आळंद कुठंच पाहिला नाही.

त्यात तो सिनेनटीचा माजी नवरा असला, तर विचारूच नका. हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलेली मंडळी रोज सकाळी मोबाईलवर कुणाची ना कुणाची फारकत उरकून घेतात. "पोटगी किती मागली?" हा पहिला प्रश्न. "आता दुसरा कोण हाय?" हा दुसरा. पहिल्याचं पुढं काय झालं, हे विचारायच्या आत बशी रिकामी होते आणि विषय तुरीच्या भावावर जातो.

म्हणून आज अशा एका नवऱ्याची विचारपूस करू. डॉ. गजानन यशवंत चिटणीस. नाही ना ओळखलं? लीला चिटणीस म्हटलं की लगेच ओळखाल. 'आवारा'तली राज कपूरची आई, 'गाइड'मधली देव आनंदची आई. लीलाबाई धारवाडच्या, प्राध्यापकाची लेक, माहेरचं आडनाव नगरकर. (धारवाड इथून रात्रभराच्या प्रवासावर, पण अभिमान बाळगायचा असला की सगळा कर्नाटक आमच्या शेजारच्याच गल्लीत.) पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या डॉक्टरांशी झालं. चार मुलं झाली. जोडपं भित्रं नव्हतं: इंग्रजांचे पोलीस क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मागावर होते तेव्हा यांनी त्यांना घरात आसरा दिला होता. पुढं दोघांची फारकत झाली, आणि इथंच डॉक्टरांचा इतिहास संपतो. त्यांच्या आडनावाचा सुरू होतो.

'नाट्यमन्वंतर' या नाटकमंडळीतल्या दिवसांत, 1934 साली, लीलाबाईंनी ज्या विनोदी नाटकात काम केलं त्याचं नाव होतं 'उसना नवरा'. नवरा उसना होता, आडनाव मात्र परत केलं नाही. 1937 च्या 'जेंटलमन डाकू'त बाई पुरुषाच्या वेशात दरोडेखोर झाल्या आणि जाहिरातीत महाराष्ट्रातली पडद्यावरची पहिली पदवीधर घरंदाज बाई म्हणून मिरवल्या. 1939 ला 'कंगन', 1940 ला 'बंधन', 1941 ला 'झूला', तिन्हींत नायक अशोककुमार. डोळ्यांनी बोलायचं आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमारनी पुढं सांगितलं. ते डोळे त्याआधी घरात कुणाशी काय बोलत होते, हे विचारायला कुणीही डॉक्टरांकडं गेलं नाही. 1941 मध्येच लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी झळकली ती हीच. म्हणजे बायकोच्या चेहऱ्यावर साबण खपला, नवऱ्याच्या आडनावावर खपला, आणि नवऱ्याला वडीसुद्धा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

1981 ला लीलाबाईंचं आत्मचरित्र आलं, 'चंदेरी दुनियेत'. मुखपृष्ठावर चिटणीस. 2003 ला अमेरिकेत, कनेटिकटमध्ये त्या वारल्या. मृत्युलेखाच्या मथळ्यातही चिटणीस. एवढी प्रसिद्धी आमच्या माजी चेअरमनला मिळाली असती, तर भालकीत फ्लेक्सला खांब पुरले नसते.

दुसऱ्या एका सिनेनटीच्या, हंसा वाडकरांच्या नवऱ्याचं नेमकं उलटं झालं. पडद्यावर त्याचं आडनाव कधी लागलं नाही. पण हंसाबाईंच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून 1977 ला 'भूमिका' हा सिनेमा निघाला आणि त्यातला नवरा अमोल पालेकरांनी रंगवला. तो नवरा बघितला की वाटतं, नुसत्या आडनावावर निभावलं ते डॉक्टर नशीबवान.

आता तुम्ही म्हणाल, बिदरच्या माणसाला या नवऱ्यांचा एवढा पुळका कशापायी? अहो, आमचा जिल्हाच फारकतीतला. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचा संसार मोडला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडं गेले, नारायणखेड, जहिराबाद आंध्राकडं, आणि भालकी, औराद, हुमनाबाद धरून उरलेले आम्ही म्हैसूरच्या पदरात पडलो. लेकरं कुणाकडं राहणार हे कोर्टात निदान लेकरांना विचारतात तरी!

आणि आडनाव? ते आम्ही लीलाबाईंसारखंच जपलं. हैदराबादशी संबंध तुटून साठाच्या वर वर्षं झाली तरी आम्ही आपले 'हैदराबाद कर्नाटक'. हैदराबादला त्याची ना खंत ना खबर. 2019 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं आणि नाव झालं 'कल्याण कर्नाटक'. बसवकल्याण आमच्याच जिल्ह्यात, म्हणजे शेवटी माहेरचं नाव लागलं म्हणायचं. गुलबर्गा जास्त हुशार. त्यानं 2014 लाच कागदपत्रं बदलून घेतली आणि कलबुर्गी होऊन बसला. पोटगीही मिळाली, फक्त छप्पन्न वर्षांनी. 2012 च्या घटनादुरुस्तीनं कलम 371 ला 'जे' जोडला, आणि इथल्या स्थानिकांना शिक्षणात, सरकारी नोकरीत राखीव जागा आल्या.

त्या 'जे'चा भाव परवा एका बैठकीत कळला. उदगीरहून पाव्हणे मुलगा बघायला आले होते. मुलाच्या मामांनी मोठ्या हौसेनं पत्रिका पुढं केली. पाव्हण्यांनी ती न उघडताच पोह्यांच्या बशीखाली सारली.

"ते थ्री सेव्हंटी वन जे हाय का पोराकडं?"

"हाय की."

"मंग जमलं."

मामा जरा हिरमुसले. मग मुद्द्याचं काहीतरी विचारावं म्हणून घसा खाकरून म्हणाले, "लग्नानंतर पोरगी आडनाव कोणतं लावणार, ते आत्ताच बोललेलं बरं."

पाव्हण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "सर्टिफिकेट ज्या नावावर निघंल ते."