घर परवडवून घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नाशकात घर परवडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचे गणित कच्चे नसते, शिस्त कच्ची असते. ही मंडळी घराची किंमत विचारतात आणि लगेच स्वतःचा पगार आठवत बसतात. या दोन आकड्यांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, एवढे एक पथ्य पाळले तर नाशिकच काय, महाराष्ट्रातले कोणतेही मध्यम शहर परवडते. मध्यम शहर कशाला म्हणावे याचा निकाल सरकारने लावून ठेवला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी पाच ते पन्नास लाख वस्तीच्या शहरांचा ‘वाय’ वर्ग आहे आणि २०११ च्या जनगणनेत सुमारे १४ लाख ८६ हजार लोकसंख्या भरलेले नाशिक त्यात आरामात बसते. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के भत्ता, तर नाशिकला २० टक्के. म्हणजे इथे डोक्यावर छप्पर घेणे एक तृतीयांशाने स्वस्त असल्याचे ठरलेलेच आहे. ज्याला तसे वाटत नाही त्याने आपल्या वाटण्याची दुरुस्ती करावी.

दुरुस्तीची सुरुवात मोजपट्टीपासून करायची. फ्लॅट बघायला जाताना मुंबईतला एखादा नातेवाईक बरोबर न्यावा. मेहुणा असल्यास उत्तम. सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत उभा राहून तो मनापासून म्हणेल, “एवढ्या पैशात मुलुंडला पार्किंगसुद्धा मिळत नाही.” हे वाक्य कानात साठवून ठेवावे, कारण पुढची वीस वर्षे त्यावरच काढायची आहेत. आता एखादा खवचट विचारेल, की मुलुंडची तुलना करायची तर पगारही मुलुंडचा का धरू नये? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो टाळावा. गंगापूर रोडचा भाव सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या पगारावर ठरत नाही. मुंबईकराचा दुसरा फ्लॅट, परदेशातल्या मुलाने आईवडिलांच्या नावे केलेली गुंतवणूक, शहरालगतची जमीन विकून आलेली रक्कम, व्यापारातला मुरवायचा पैसा, अशा चार दिशांनी आलेल्या पैशाने तो ठरतो. पगारदार फक्त त्या ठरलेल्या भावाला सामोरा जातो. जाहिरातीतला ‘सुवर्ण त्रिकोण’ वाचून मुंबई-पुण्याची भरभराट आपल्याकडे वाहत येते असे वाटते, पण त्रिकोणाच्या रेषांवरून आधी येतो तो भाव. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई जवळ आली. मुंबईचे पगार होते तिथेच राहिले. २०२७ च्या सिंहस्थाचेही तसेच. साधू यायच्या आत त्यांच्या नावाने दर चढलेले असतात.

मोजपट्टी बदलली की व्याख्येकडे वळावे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत ‘परवडणारे घर’ म्हणजे काय हे १ एप्रिल २०१९ पासून स्वच्छ लिहिलेले आहे: महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर कर एक टक्का, त्यापुढच्यावर पाच. व्याख्येत क्षेत्रफळ आहे, किंमत आहे. घेणाऱ्याचे उत्पन्न मात्र औषधालाही नाही. आपल्या पथ्याला याहून भक्कम सरकारी आधार मिळणे कठीण. ४५ लाखांचा फ्लॅट परवडणारा आहे, तो कुणाला परवडतो हा वेगळ्या खात्याचा विषय झाला. शिवाय ४५ चे ४६ लाख झाले की कर ४५ हजारांवरून एकदम २ लाख ३० हजारांवर जातो. परवडेनासे होणे म्हणजे नेमके काय, हे तेव्हा पावतीवर छापून मिळते.

इतके सांगूनही ज्याला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही त्याच्यासाठी तोही मांडू. पन्नास लाखांचा, काम चालू असलेला टू बीएचके धरा. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची, तेव्हा कर्ज मिळेल चाळीस लाख. उरलेले दहा लाख खिशातून. त्यावर सहा टक्के मुद्रांक शुल्काचे तीन लाख, नोंदणीचे तीस हजार, जीएसटीचे अडीच लाख. आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक कर्जात धरत नाही. म्हणजे किल्ली लांबच, नुसत्या सुरुवातीला १५ लाख ८० हजार हवेत. घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. संसारात समानता यावी म्हणून शासनाने लावलेली ही किंमत पन्नास हजार रुपये आहे. महिना दहा हजार बाजूला टाकणाऱ्या कुटुंबाला सुरुवातीचे १५ लाख ८० हजार जमवायला तेरा वर्षे लागतील. तेवढ्यात भाव वर्षाला सहा टक्क्यांनी जरी वाढला तरी बाराव्या वर्षी घर एक कोटीचे झालेले असेल. म्हणून बचत करू नये. बचत करणारा हा या शर्यतीत उलट्या दिशेने धावणारा माणूस आहे. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने किंवा गावाकडची दोन एकर, यांपैकी काहीतरी जन्मतःच जवळ असणे हा शास्त्रशुद्ध मार्ग.

चाळीस लाखांचा, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये बसतो आणि एकूण फेड ८३ लाखांवर जाते. घरात महिन्याला पन्नास हजार येत असतील तर हातात पंधरा हजार उरतात, आणि त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, दोन दुचाकींचे पेट्रोल आणि सासूबाईंच्या गोळ्या भागवायच्या. अर्थात बँक अशा कुटुंबाला चाळीस लाख देणारच नाही. हप्ता साधारण निम्म्या उत्पन्नापर्यंत, एवढा हिशेब तिला येतो. निदान एका पक्षाने तरी पगार आणि किंमत शेजारी ठेवून पाहिली हे बरे झाले, फक्त तो पक्ष घर घेणाऱ्याचा नव्हता.

यावर बिल्डर मंडळींचा आक्षेप असा, की सिमेंट, सळई, मजुरी, परवानग्या सगळेच महागले. आम्ही काय धर्मादाय मांडला आहे? आक्षेप खोटा नाही. पण बांधण्याचा खर्च मालेगावात आणि नाशकात फार वेगळा नसताना फ्लॅटचे भाव वेगळे असतात, ते सिमेंटमुळे नव्हे. फरक जमिनीचा आहे. आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून थोडा वाटा समाजाला मिळावा म्हणून नियम झालाही होता. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प असेल तर २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी, म्हाडामार्फत. त्या घरांचे नाशकात काय झाले हा प्रश्न २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला. मोठ्या जमिनीचे कागदोपत्री तुकडे पाडून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या आत बसवल्याचे आरोप तेव्हा झाले. आरोपांचे काय व्हायचे ते होवो, इच्छुकाने त्यातला धडा घ्यावा: या शहरात जमीन मोजणारे लोक हुशार आहेत, आपण फक्त कार्पेट मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पन्नास लाखांच्या त्याच फ्लॅटचे भाडे समजा तेरा हजार. म्हणजे मालकाला किमतीवर वर्षाला जेमतेम तीन टक्के सुटतात. मग साडेआठ टक्क्यांनी कर्ज काढण्यापेक्षा भाड्यानेच का राहू नये? अर्थशास्त्राने पाहता याला उत्तर नाही. पण जी वस्तू वापरायला तेरा हजारांत मिळते ती विकत घ्यायला पस्तीस हजारांचा हप्ता लागतो, याचाच अर्थ ती किंमत राहण्याची नाही, पैसा ठेवण्याची आहे. फ्लॅट ही खिडक्या असलेली मुदत ठेव झाली आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी सापडली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या घरात मांडली, आणि त्यातली ९५ टक्के टंचाई खालच्या दोन उत्पन्न गटांची. रिकामी घरे एकीकडे, गरजू दुसरीकडे, आणि मधे एजंट. एवढी घरे रिकामी असताना भाडेकरू मात्र दर अकरा महिन्यांनी सामान बांधतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. तो नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तरी अकरा महिन्यांची रूढी सुटत नाही. एकट्या मुलीला नको, अविवाहित मुलाला नको, ‘आमच्यातले’ असल्यास प्राधान्य, दरवर्षी दहा टक्के वाढ आणि भिंतीला खिळा मारायचा नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत याच्या नेमके उलट दृश्य दिसते, तिथे नाममात्र भाडे गोठलेले असते आणि पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. भाडेकरूचे हक्क अमर किंवा शून्य, मधले काही आपल्याला जमलेले नाही. त्यामुळे माणूस तेरा हजारांचे सुख सोडून पस्तीस हजारांच्या हप्त्याला मान देतो. त्यात मूर्खपणा नसतो, मुलाची शाळा बदलू नये एवढीच इच्छा असते.

आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी असे सरकत सरकत शहराच्या कडेला जाण्याचा सल्लाही दिला जातो. जावे. घर पाच-दहा लाखांनी उतरेल आणि तो फरक वीस वर्षे हप्त्याहप्त्याने पेट्रोल पंपावर भरता येईल. महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून आहे, पण कारखान्याची पाळी आणि बसची वेळ यांचे जुळेपर्यंत माणूस दुचाकी घेऊन मोकळा होतो.

“पण बाकी खर्च तर कमी आहे ना?” हा शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत गोड. गॅसचा सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज, औषधाची पट्टी आणि आयुर्विम्याचा हप्ता यांना शहराचा वर्ग कळत नाही. ते मुंबईत जे आहेत जवळपास तेच इथे आहेत. मग नाशकात स्वस्त काय? भांडी घासणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, शिकवणीची बाई, वॉचमन. म्हणजे ज्या स्वस्ताईची आपण तारीफ करतो ती कुणाच्या तरी पगारातून कापलेली असते. भाजीही थोडी स्वस्त खरी. लासलगावच्या जिल्ह्यात कांदा मातीमोल होतो तेव्हा गृहिणीचे बजेट सावरते, शेतकऱ्याचे कोसळते. आपण ज्या इमारतीत परवडण्याचा प्रयत्न करतो आहोत तिच्या वॉचमनला ती इमारत कधी परवडेल, हा प्रश्न सॅम्पल फ्लॅटमध्ये विचारू नये, चहा मिळत नाही.

खरेदीखत झाल्यावरची पायरी सोपी असून ती बहुतेकांना न शिकवता जमते. ज्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटतो त्या दिवसापासून पक्ष बदलावा. कालपर्यंत भाव उतरावेत अशी इच्छा होती, आता ते चढावेत. २०२५-२६ साठी रेडी रेकनर राज्यात सरासरी ३.८९ टक्के आणि नाशिक महापालिका हद्दीत ७.३१ टक्के वाढला, ही बातमी आधी महागाईची होती; आता ती आपल्या संपत्तीची आहे, तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावी. राहत्या घराची किंमत वाढल्याने खिशात एक रुपया येत नाही आणि पुढे मुलाला घर घेताना तोच भाव आडवा येतो, असे कुणी म्हटल्यास त्याला कर्जमुक्तीची तारीख विचारून गप्प करावे. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर अल्प उत्पन्न गटाच्या घरांचा फलक लागला तर सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेला हरकत लिहावी. हरकतीत माणसांचा उल्लेख करू नये. पाण्याचा दाब, पार्किंग आणि सांडपाणी ही तीन कारणे पुरतात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.